प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ‘अवलंबित’ कोणाला म्हणावे?

आपल्या कुटुंबात एका कमावत्या व्यक्तीच्या आधाराने किती जण जगतात, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. वृद्ध आईवडील, अविवाहित आत्या, जन्मतः दिव्यांग असलेला भाऊ, पतिनिधनानंतर माहेरी परतलेली बहीण आणि तिची मुले, ही सगळी घरचीच माणसे. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची वेळ आली की मात्र हीच मोजदाद कागदावर करावी लागते आणि प्रश्न उभा राहतो : यांपैकी कायद्याच्या दृष्टीने माझ्यावर अवलंबित कोण?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, ही गोष्ट वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावी. शिधापत्रिकेवर ज्यांची नावे आहेत ते सर्व अवलंबित, असा अनेकांचा समज असतो. काही जण आपल्या कार्यालयातील वैद्यकीय योजनेत ज्यांची नावे नोंदवली आहेत तीच यादी विवरणपत्रालाही लावतात. वस्तुतः शिधापत्रिका, कार्यालयाची नियमावली आणि प्राप्तिकर कायदा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खुद्द प्राप्तिकर कायद्यातही प्रत्येक कलमाची यादी निराळी आहे. एका कलमात भाऊ-बहीण बसतात, दुसऱ्यात बसत नाहीत. एका ठिकाणी आईवडील अवलंबित असण्याची अटच नाही, तर दुसऱ्या ठिकाणी ती अट हाच सारा गाभा आहे. परिणामी ज्यांना सवलत मिळू शकते ते ती मागत नाहीत आणि ज्यांना मिळू शकत नाही ते मागून बसतात.

तपशिलात शिरण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली ठरली असून तिच्यात या लेखात सांगितलेल्या वजावटी मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर जुनी प्रणाली निवडावी लागते. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर (पगारदारांच्या बाबतीत प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत) निवासी व्यक्तीला कर लागत नाही. भांडवली नफ्यासारखे वेगळ्या दराचे उत्पन्न याला अपवाद आहे. तेव्हा ज्यांचे उत्पन्न या मर्यादेत आहे, त्यांना अवलंबितांचा हिशेब मांडण्याचे कारणच उरत नाही. ज्यांचे उत्पन्न त्याहून अधिक आहे आणि घरात आजारपण वा दिव्यांगत्व आहे, त्यांनी मात्र दोन्ही प्रणालींनुसार कर काढून पाहावा. जुनी प्रणाली निवडायची झाल्यास विवरणपत्र मुदतीच्या आत भरणे अनिवार्य आहे. मुदत टळली की नवी प्रणालीच लागू होते व वजावट हातची जाते. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांना त्यासाठी १०-आयईए हा वेगळा नमुनाही सादर करावा लागतो.

नव्या प्रणालीत एकट्या माणसाला आणि दिव्यांग भावाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या माणसाला कर सारखाच. विवरणपत्र सोपे झाले हे खरे. पण अवलंबितांचा विचार मात्र त्यातून बाहेर पडला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. असो.

आता कलमांकडे वळू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील क्रमांक बहुतेकांच्या ओळखीचे असल्याने येथे तेच वापरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागू राहतो.

सर्वाधिक वापरले जाणारे कलम म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्याचे, ८०-डी. येथे ‘कुटुंब’ म्हणजे करदाता, त्याचा जोडीदार आणि अवलंबित मुले. जोडीदार स्वतः कमावता असला तरी हरकत नाही. मुले मात्र अवलंबित असली पाहिजेत. मुलांच्या वयाची मर्यादा या कलमात दिलेली नाही. तेवीस वर्षांचा मुलगा शिकत असेल व त्याचा खर्च आपणच करीत असू, तर तो अवलंबित होय. एकवीस वर्षांची मुलगी नोकरीला लागून स्वतःच्या पगारावर राहू लागली असेल, तर ती नव्हे. मग संपूर्ण कुटुंबाच्या एकत्रित विम्यात तिचे नाव असले तरी तिच्या वाट्याचा हप्ता वजावटीतून वगळावा लागतो. या कुटुंबासाठी मर्यादा २५,००० रुपयांची आहे आणि विमा उतरवलेल्यांपैकी कोणी साठ वर्षे पूर्ण केलेला निवासी नागरिक असेल तर ५०,००० रुपयांची.

आईवडिलांसाठी याच कलमात स्वतंत्र मर्यादा आहे : २५,००० रुपये आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० रुपये. येथे आईवडील करदात्यावर अवलंबित असोत वा नसोत, फरक पडत नाही. वडिलांना निवृत्तिवेतन मिळते म्हणून कित्येक मुले ही वजावट मागतच नाहीत. तो गैरसमज आहे. वडिलांचे निवृत्तिवेतन कितीही असो, हप्ता आपण भरला असेल तर वजावट आपली. आईवडील ज्येष्ठ असून त्यांचा आरोग्य विमाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर आपण केलेला खर्चही याच ५०,००० रुपयांच्या मर्यादेत बसतो. अट एवढीच की रक्कम रोखीने दिलेली नसावी. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचा ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च तेवढा रोखीने चालतो आणि तोही वरील मर्यादेतच धरला जातो. दोन भावांनी आईच्या उपचारांचा खर्च वाटून घेतला असेल, तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून दिलेली रक्कम आपापल्या विवरणपत्रात दाखवावी. एकच पावती दोघांनी लावणे हे मात्र कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही.

या यादीत सासू-सासरे नाहीत. आपल्याकडे वृद्धांची शुश्रूषा बहुधा सून करते, कित्येकदा खर्चही तीच करते. तथापि सासूच्या विम्याचा हप्ता सुनेने भरला तर तिला वजावट नाही. तोच हप्ता मुलाने, म्हणजे तिच्या पतीने, आपल्या खात्यातून भरला तर ती मिळते. तेव्हा पतिपत्नी दोघेही कमावते असतील, तर ज्याने-त्याने आपल्या जन्मदात्यांचा हप्ता आपल्या खात्यातून भरावा, ही साधी व्यवस्था उत्तम. पतीच्या मागे सासू-सासऱ्यांना सांभाळणाऱ्या विधवा सुनेला मात्र या कलमात किंवा पुढे येणाऱ्या कलमांत कुठेच जागा नाही. कायद्यातील ही उणीव खरोखरच दुःखद आहे.

अवलंबित या शब्दाचा खरा कस लागतो तो कलम ८०-डीडी मध्ये. दिव्यांग नातलगाचे औषधोपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण वा पुनर्वसन यांसाठी खर्च करणाऱ्या निवासी करदात्याला ही वजावट मिळते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असेल तर ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. विशेष असे की ही रक्कम ठरावीक आहे. वर्षभरात प्रत्यक्ष खर्च तीस हजार झाला असो वा तीन लाख, वजावट तेवढीच. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या करदात्याचे १,२५,००० रुपयांच्या वजावटीने उपकरासह २६,००० रुपये वाचतात. ज्या घरात महिन्याकाठी औषधांवरच काही हजार उडतात, त्या घराला ही रक्कम लहान नाही.

येथे नातलगांची यादी अशी : जोडीदार, मुले, आईवडील, भाऊ आणि बहिणी. भाऊ-बहिणींचा समावेश अनेकांना ठाऊकच नसतो. आईवडिलांच्या पश्चात मतिमंद वा अंथरुणाला खिळलेल्या भावंडाची जबाबदारी घेणारे कितीतरी अविवाहित बंधू-भगिनी आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्यापैकी जे जुन्या प्रणालीत कर भरतात, त्यांनी ही तरतूद अवश्य तपासावी. मात्र चुलत किंवा मावसभावंडे, पुतणे, भाचे, आत्या, काका, मावशी हे या यादीबाहेर आहेत. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेली आत्या वर्षानुवर्षे आपल्या घरी असली, तरी तिच्यासाठी ही वजावट नाही. बहिणीची मुले आपल्याच अन्नावर वाढत असली, तरी भाचरांसाठी नाही. बहीण स्वतः दिव्यांग असेल तर तिच्यासाठी मात्र आहे.

नाते जुळले की दुसरी कसोटी येते. ती व्यक्ती आपल्या पालनपोषणासाठी ‘पूर्णतः किंवा मुख्यत्वे’ करदात्यावर अवलंबून असली पाहिजे, असे कायदा म्हणतो. पालनपोषणाची रक्कम किंवा त्या व्यक्तीच्या उत्पन्नाची मर्यादा कलमात आकड्याने दिलेली नाही. ती व्यक्ती एकाच छपराखाली राहिली पाहिजे, अशीही अट नाही. म्हणून ‘मुख्यत्वे’ या शब्दाकडे वस्तुस्थितीच्या आधारे पाहावे लागते. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या दिव्यांग भावाच्या नावे वडिलांनी ठेवलेल्या मुदतठेवीचे वर्षाला चाळीस हजार रुपये व्याज येते आणि त्याच्या राहण्या-खाण्याचा व औषधांचा खर्च अडीच लाखांच्या घरात आहे. उरलेली सर्व रक्कम बहीण देते. तो मुख्यत्वे बहिणीवर अवलंबून आहे, यात शंका नसावी. उलटपक्षी त्याच भावाला घरभाड्याचे वर्षाला चार लाख मिळत असतील, तर बहीण त्याच्याजवळ राहून कितीही कष्ट घेत असली, तरी पैशाच्या दृष्टीने तो तिच्यावर अवलंबित म्हणता येणार नाही. सेवा आणि आर्थिक अवलंबन या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. ‘मुख्यत्वे’ या शब्दातूनच आणखी एक गोष्ट निघते : एकच भाऊ एकाच वेळी दोन बहिणींवर मुख्यत्वे अवलंबून असू शकत नाही. दोघी मिळून खर्च करीत असतील, तर अधिक भार कोणाचा हे आपसांत ठरवून एकीनेच दावा करावा, हे श्रेयस्कर.

तिसरी अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिव्यांग व्यक्तीने त्याच वर्षी स्वतःच्या विवरणपत्रात कलम ८०-यू खाली स्वतःसाठीची वजावट घेतलेली नसावी. समजा, अशाच एखाद्या दिव्यांग भावाच्या मुदतठेवीवर बँकेने कर कापला, तो परत मिळवण्यासाठी कोणी त्याचे विवरणपत्र भरून दिले आणि भरता भरता ८०-यू ची रक्कमही टाकून दिली, तर बहिणीची वजावट त्या वर्षापुरती गेली. भावाचे अल्प उत्पन्न मुळातच करपात्र नव्हते; कापलेला कर त्याला ८०-यू विनाही परत मिळाला असता. तेव्हा घरातील दोन विवरणपत्रे दोन वेगळ्या लोकांकडून भरून घेत असाल, तर एकाला दुसऱ्याची कल्पना द्यावी.

दिव्यांग नातलगासाठी आयुर्विमा महामंडळ वा अन्य विमा कंपनीच्या योजनेत पैसे भरले तरीही ही वजावट मिळते. पूर्वी अशा योजनेचे पैसे भरणाऱ्याच्या मृत्यूनंतरच दिव्यांग व्यक्तीला मिळावेत, अशी अट होती. आईवडील हयात असताना मुलाला गरज पडली तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यावर विचार करण्याची सूचना केंद्र सरकारला केली आणि २०२२ च्या वित्त अधिनियमाने कायद्यात बदल झाला. पैसे भरणाऱ्याने साठ वर्षे पूर्ण केली व भरणा थांबवला, की त्याच्या हयातीतही दिव्यांग व्यक्तीला रक्कम मिळू शकते. अशी योजना घेताना तिच्या अटींत ही सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

कलम ८०-डीडीबी विशिष्ट गंभीर आजारांसाठी आहे. कर्करोग, मूत्रपिंड कायमचे निकामी होणे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, तसेच स्मृतिभ्रंश व पार्किन्सन यांसारखे मज्जासंस्थेचे काही विकार त्यात येतात. मज्जासंस्थेच्या विकारात ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. अवलंबितांची यादी व ‘मुख्यत्वे’ची कसोटी ८०-डीडी प्रमाणेच. येथे मात्र प्रत्यक्ष खर्चच धरला जातो, तोही ४०,००० रुपयांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास एक लाखापर्यंत. विमा कंपनीने वा मालकाने दिलेली रक्कम त्यातून वजा होते. तज्ज्ञ डॉक्टरांची लेखी चिठ्ठी जपून ठेवावी.

‘मुले’ या शब्दाबाबत ख्रिस्ती कुटुंबांनी थोडी अधिक काळजी घ्यावयास हवी. प्राप्तिकर कायद्यात मूल या शब्दात सावत्र मूल आणि दत्तक मूल यांचा समावेश आहे. पण दत्तक म्हणजे कायद्याने दत्तक. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. त्यामुळे पूर्वी ख्रिस्ती दांपत्यांनी अनाथाश्रमातून मूल घरी आणले, तरी न्यायालयाकडून त्यांना १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे आणि तेही मूल सज्ञान झाले की संपे. बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ साली त्यात सुधारणा झाली आणि त्या मार्गाने कोणत्याही धर्माच्या दांपत्याला दत्तकविधान खुले झाले. आज त्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. ज्यांच्याजवळ दत्तकाचा आदेश आहे, त्यांचे मूल सर्वार्थाने मूल. ज्यांच्याजवळ केवळ पालकत्वाचा जुना आदेश आहे, त्यांना ८०-डी किंवा ८०-डीडी चा दावा करताना अडचण येऊ शकते. उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचे कलम ८०-ई मात्र उदार आहे. स्वतः, जोडीदार व मुले यांच्याबरोबरच करदाता ज्याचा कायदेशीर पालक आहे अशा विद्यार्थ्यालाही ते सामावून घेते आणि तेथे अवलंबित असण्याची अट नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वीकारलेले धर्मपुत्र व धर्मकन्या, अर्थातच, यांपैकी कोणत्याही कलमात येत नाहीत.

आपल्या वाचकांचा आणखी एक नेहमीचा प्रश्न असतो : बहीण धर्मभगिनी वा भाऊ धर्मगुरू असेल तर? नाते बहीण-भावाचेच राहते. परंतु त्यांचे पालनपोषण त्यांचा संघ वा धर्मप्रांत करीत असल्यामुळे ते घरच्या भावंडावर मुख्यत्वे अवलंबून नसतात. आजारपणात भावाने काही खर्च उचलला म्हणून ही स्थिती बदलत नाही.

परदेशी असलेल्यांबाबत दोन शब्द. आखातात नोकरी करणारा मुलगा करदृष्ट्या अनिवासी असेल आणि त्याला येथील घरभाड्याचे उत्पन्न असेल, तर आईवडिलांच्या विम्याच्या हप्त्याची ८०-डी ची वजावट त्याला मिळते. ८०-डीडी आणि ८०-डीडीबी मात्र निवासी करदात्यांपुरत्याच आहेत. दिव्यांग बहिणीचा सारा खर्च कुवेतहून येत असला तरी त्याला त्या मिळणार नाहीत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांना तेथील विवरणपत्रात भारतातील आईवडील अवलंबित म्हणून दाखवता येतील का, अशीही विचारणा होते. तेथील नियमानुसार अवलंबित व्यक्ती ही अमेरिकेची नागरिक वा करदृष्ट्या निवासी, अथवा कॅनडा किंवा मेक्सिकोची निवासी असावी लागते. येथे राहणारे भारतीय आईवडील त्यात बसत नाहीत, मग मुलगा दरमहा कितीही पैसे पाठवीत असो.

हे सारे सांगण्याचे आजचे कारण म्हणजे तपासणी आता पूर्वीसारखी ढिली राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम उघडली आणि तिच्या रोखात ८०-डी, ८०-ई व ८०-डीडीबी ही कलमेही होती. परतावा वाढवून देतो असे सांगून टक्केवारी घेणारे मध्यस्थ विवरणपत्रात परस्पर काहीही भरतात. सही आणि जबाबदारी मात्र आपली असते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. पूर्वी चुकीचा दावा झाला असेल, तर सुधारित विवरणपत्राची मुदत टळल्यानंतरही अद्ययावत विवरणपत्र भरून, अधिक कर देऊन, तो मागे घेता येतो. २०२५ च्या सुधारणेनंतर त्यासाठी कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने मिळतात. विलंब जितका अधिक, तितका भुर्दंड मोठा.

८०-डीडी च्या रकान्यात आता केवळ रक्कम लिहून भागत नाही. अवलंबित व्यक्तीशी नाते कोणते, तिचा पॅन व आधार क्रमांक आणि दिव्यांगांसाठीचे यूडीआयडी ओळखपत्र असल्यास त्याचा क्रमांक, हा तपशील विचारला जातो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात अथवा बहुविकलांगता असेल तर सरकारी रुग्णालयातील अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचे अथवा मज्जाविकारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र १०-आयए या नमुन्यात लागते व तो नमुना संकेतस्थळावर सादर करावा लागतो. प्रमाणपत्र हाती आले की त्यावरील मुदत प्रथम पाहावी. ठरावीक काळाने फेरतपासणी सांगितलेली असेल, तर प्रमाणपत्र ज्या आर्थिक वर्षात संपते त्या वर्षापुरती वजावट मिळते. पुढील वर्षापासून नवे प्रमाणपत्र घेतल्याखेरीज ती मिळत नाही. सरकारी रुग्णालयातील तपासणीची तारीख मिळण्यास वेळ लागतो, म्हणून मुदत संपण्याच्या काही महिने आधीच अर्ज करून ठेवावा.